रात्रीचे ट्रक बंद करा म्हणे!

एरंडोलकर: काल एकाने लिहिलं, "रात्री १० ते पहाटे ५ हायवेवर जड वाहनं बंद करा, ड्रायव्हर पेंगतात आणि मरतो आपण." भाऊ, मी रावेरहून दिल्लीला केळी नेतो. बाग सकाळी कापतात, घड वाहून, पानं अंथरून गाडी भरेपर्यंत दिवस मावळतो, मग बिल्टी, म्हणजे मालाची पावती, हातात. तीच गाडी सकाळपर्यंत उभी ठेवली तर दिल्लीत माल पिकलेला उतरणार आणि भाडं माझं कापणार. मे महिन्यात पारा ४५ वर असताना लोडची गाडी दुपारी चालवून बघा, टायर काय म्हणतात ते कळेल.

पारोळ्याचा पोऱ्या: केळीपुराण पुरे. पंक्चर काढल्यावर चाकाखालचा दगड रस्त्यातच टाकून जाता, त्याचं बोला. माझा मावसभाऊ रात्री त्याच दगडावर गेला, अजून लंगडतो.

एरंडोलकर: दगड टाकणारा नालायकच. पण तो दिवसाही टाकतो.

चाळीसगावकर: खरं दुखणं चाळीसगावहून संभाजीनगरला जातानाचा कन्नड घाट! ऑगस्ट २०२३ मध्ये हायकोर्टाच्या खंडपीठाच्या आदेशाने तिथं जड वाहनं बंद, मग मारा नांदगावकडून वळसा. भत्ता तेवढाच, झोप मात्र कमी.

पारोळ्याचा पोऱ्या: घाट जाम कोण करायचं? आमचं वऱ्हाड अडकलं होतं तिथं. मुहूर्त टळला, नवरदेव घाटातच चिवडा खात बसला.

चाळीसगावकर: तुले काय माहीत शे रे भो! घाटात बोगद्यासाठी किती वर्षं ओरडतोय आम्ही. ट्रकवाल्याला शिव्या देणं सोपं.

एरंडोलकर: अरे, दिल्लीला जायला कन्नड घाट लागतो का? विषय काय चाललाय!

चाळीसगावकर: म्हणजे तुमची केळी तेवढाच खान्देश?

दोन गाड्यांचा मालक: ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत होताच, दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. पण तेवढ्यासाठी दुसरा ड्रायव्हर ठेवला तर गाडीचा हप्ता कोण भरणार? आणि ड्रायव्हर मिळतो कुठं?

एरंडोलकर: शेठ, मग पहाटे तीनला "कुठं पोचला?" म्हणून फोन करू नका. धाब्यावर डोळ्यांवर पाणी मारत असतो, तेवढ्यात रिंग. जीपीएसवर गाडी थांबलेली दिसली की तुमची झोप उडते.

पारोळ्याचा पोऱ्या: आता १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची. अजून गाढ झोपा!

एरंडोलकर: माझा एसी म्हणजे उघडी खिडकी.

पारोळ्याचा पोऱ्या: बरं बाबा, चालवा रात्री. पण डिपर द्या आणि मागचे दिवे तरी लावा.

दोन गाड्यांचा मालक: दिवे लावतो हो, पण गाडी उभी केली की पोरं काढून नेतात.

पारोळ्याचा पोऱ्या: घ्या! आता दिवेही आम्हीच चोरले.