मदत हवी आहे : पाइप गॅसच्या मीटरवरील घनमीटर आणि बिलातील एससीएम

पुण्यातील आमच्या सोसायटीत पाइप गॅस आल्यापासून बिलाच्या हिशेबाबद्दल एक शंका आहे. स्वयंपाकघरातील मीटर डायाफ्राम प्रकारचा आहे. त्यातील कप्पे आळीपाळीने गॅसने भरतात व रिकामे होतात आणि त्यावरून आकडे पुढे सरकतात; काळे आकडे पूर्ण घनमीटरचे, लाल आकडे दशांशाचे. म्हणजे हा मीटर केवळ आकारमान मोजतो, गॅसचे वस्तुमान नव्हे.

बिल मात्र एससीएममध्ये, म्हणजे १५ अंश सेल्सिअस तापमान व १.०१३२५ बार दाबाच्या प्रमाण घनमीटरमध्ये येते. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर असल्याने येथील हवेचा दाब साधारण ०.९५ बार असतो. त्यात घरगुती जोडणीचा २१ मिलिबार दाब मिळवून आणि गॅसचे तापमान ३० अंश धरून हिशेब केला, तर मीटरवरचा १ घनमीटर जेमतेम ०.९१ एससीएम भरतो. रक्कम किरकोळ असेल, पण नऊ टक्के म्हणजे अगदीच नगण्य नव्हे.

आमच्या बिलात मागील व चालू वाचनातील फरक जसाच्या तसा एससीएम म्हणून छापलेला दिसतो. हा सुधारणा-गुणांक दरातच धरलेला असतो का, की काही मीटरमध्ये तापमानाची भरपाई आतच होते आणि तसे असल्यास मीटरच्या पाटीवरील कोणत्या खुणेवरून ते ओळखावे? गॅस वितरणात किंवा वैधमापनशास्त्र खात्यात काम केलेल्या सदस्यांनी, शक्य असल्यास संबंधित नियमाच्या उल्लेखासह, कृपया मार्गदर्शन करावे.