यूकेला जातोय, जळगाव पासिंगची स्विफ्ट सोबत न्यावी की विकावी?

रावेरची_लेक
नमस्कार मंडळी. ह्यांना मँचेस्टरला नोकरी लागलीये, दोन महिन्यांत आम्ही तिघं निघतोय, निदान पाच वर्षं तरी तिकडेच राहू. बाकी सामानाचं ठरलंय, घोडं अडलंय ते गाडीवर. २०१९ ची पेट्रोल स्विफ्ट आहे, एमएच १९, लोन फिटलंय पण आरसीवरून बँकेचं नाव अजून काढलेलं नाही. इथला डीलर साडेचार लाख म्हणतो. मुंबईच्या एका एजंटने न्हावाशेवाहून कंटेनरने न्यायचे सव्वादोन लाख सांगितले, वर म्हणतो स्टेअरिंग तिकडेही उजवीकडेच, स्विफ्ट तिकडेही मिळते, मग अडचण काय. मलाही ते पटायला लागलंय.

खरं सांगू का, गाडीत जीव अडकलाय. आमच्या अप्पांना शेवटचं वर्षभर दर आठवड्याला रावेरहून जळगावला दवाखान्यात हिच्यातूनच न्यायचो, पुढची सीट मागे पाडून, पायाखाली उशी देऊन. आणि त्याआधी ते बरे होते तेव्हा डिकीत केळीचे घड टाकायचे, खाली पेपर अंथरा म्हटलं तर ऐकतील तर शपथ. चिकाचे काळे डाग कार्पेटवर अजून तसेच आहेत, तीनदा घासले, निघाले नाहीत, आता तर ते निघावेत असं वाटतही नाही. कुणी गाडी नेलीये का? नक्की काय काय लागतं?

भुसावळ_ते_लेस्टर
ताई, मी नऊ वर्षं झाली इकडे आहे. एजंट खोटं बोलत नाहीये पण अर्धंच बोलतोय, त्याचं काम गाडी जहाजात चढवेपर्यंतचं. पुढचं सगळं तुमच्या गळ्यात.

टॅक्सचं आधी सांगतो. तसं १० टक्के ड्युटी आणि त्यावर २० टक्के व्हॅट बसतो, पण तुम्ही राहायलाच येताय म्हणून माफी मिळू शकते, तिला ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स म्हणतात. त्यासाठी १२ महिने यूकेच्या बाहेर राहिलेलं पाहिजे आणि गाडी किमान ६ महिने तुमच्या मालकीची, वापरातली पाहिजे, ते तुमचं बसतंय. अर्ज मात्र गाडी निघायच्या आधीच करून ठेवा. आणि माफी घेतली की १२ महिने ती गाडी इथे विकता येत नाही, भाड्याने किंवा कुणाला वापरायलाही देता येत नाही. गाडी पोचली की १४ दिवसांच्या आत इथल्या टॅक्सवाल्यांना कळवायचं, त्याशिवाय नंबर मिळत नाही.

आता खरी मेख ऐका. स्विफ्ट इथे मिळते हे बरोबर, पण तुमची स्विफ्ट ती नाही. दिसायला एक असली तरी भारतातल्या मार्केटसाठी बनलेल्या गाडीला युरोपची मंजुरी नसते, आणि गाडी १० वर्षांच्या आतली असली की तिची वेगळी तपासणी होते, आयव्हीए म्हणतात तिला. मागे फॉग लॅम्प लागतो, स्पीडोमीटर मैलात दिसावा लागतो, शिवाय धूर, ब्रेक, काचा, आरसे सगळं बघतात. एखादी गोष्ट बसली नाही की गॅरेजवाल्याकडे जा, सुटा भाग शोधा, परत अपॉइंटमेंट घ्या, आणि तोपर्यंत रोजच्या वापराला गाडी नाही. मग इन्शुरन्स, बाहेरून आणलेल्या गाडीला बऱ्याच कंपन्या सरळ नाही म्हणतात आणि ज्या देतात त्या जास्त घेतात. वर इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, ते खालून पत्रा खातं.

साडेचार लाखाची गाडी, त्यात सव्वादोन भाडं, पुढचा खर्च वेगळा. मी तुमच्या जागी असतो तर नसती आणली. त्यापेक्षा लायसन्सचं बघा. आपल्या लायसन्सवर इथे राहायला आल्यापासून १२ महिनेच चालवता येतं, ते बदलून मिळत नाही, थिअरी आणि ड्रायव्हिंग दोन्ही टेस्ट पास व्हाव्या लागतात. तारखा लवकर मिळत नाहीत, आल्या आल्या नंबर लावा.

धुळेकर_दुबईत
आमच्याकडे तर प्रश्नच मिटला, उजव्या स्टेअरिंगच्या गाडीची इथे नोंदणीच होत नाही. अमेरिकेला न्यायची तर साधारण २५ वर्षं जुनी पाहिजे, कॅनडाला १५. नवी गाडी न्यायच्या भानगडीत पडू नका ताई.

मेहरूणचे_आबा
बेटा, न्यायची नाही हे तर या भाऊने सांगितलंच, मी दुसरं सांगतो. "राहू दे घरी, सुट्टीत आल्यावर होईल" असंही करू नको. माझ्या मुलाने तेच केलं, गाडी अंगणात झाकून ठेवून गेला. मी आठवड्याला स्टार्ट करायचो पण गुडघ्याने जेव्हा जिना उतरणं बंद झालं तेव्हा तेही थांबलं. दीड वर्षाने बोनेट उघडलं तर उंदरांनी वायरिंग कुरतडून आत चिंध्यांचं घर केलेलं, बॅटरी मेलेली, आणि आपल्या उन्हाळ्याचं तुला सांगायला नको, टायरला बाजूने भेगा. मेकॅनिकने बिल दिलं तेव्हा वाटलं तेव्हाच इकी टाकली असती तर बरं झालं असतं.

आणि विकलीस की नाव बदलूनच जा. नुसती चावी नि सह्या देऊन विमानात बसू नको. आरसीवर जिचं नाव तीच मालक, उद्या घेणाऱ्याने अपघात केला तर भरपाई तुझ्या गळ्यात येते, सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये हेच सांगितलंय. आधी बँकेचं नाव काढ, मग मालकाचं नाव बदलायचे फॉर्म २९ आणि ३०.

भुसावळ_ते_लेस्टर
आबांचं अगदी बरोबर. अजून एक, विकल्यावर विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणाऱ्या सवलतीचं, पत्र इंग्रजीत घ्या. बोनस गाडीचा नसतो, तुमचा असतो. इथल्या काही कंपन्या ते मानतात, पहिल्या वर्षी फरक पडतो.

रावेरची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ह्यांना वाचून दाखवलं, फॉग लॅम्पपाशी आल्यावर ते म्हणाले बस झालं, नाही न्यायची. पण डीलरला द्यायला माझा हात धजावेना. सावद्याला माझा धाकटा भाऊ आहे, त्याला लेकरांना शाळेत सोडायला गाडी पाहिजेच होती, तो साडेतीन देतोय. एक लाख कमी येतात, येऊ द्या. रोज चालेल तरी, आणि सुट्टीत आले की स्टेशनवर तीच घ्यायला येईल. कार्पेट बदलू नको एवढंच त्याला सांगितलंय. सोमवारी बँकेत एनओसीला जातेय.

मेहरूणचे_आबा
छान केलंस बेटा. भाऊ असला तरी नाव त्याच्या नावावर करूनच जा, इन्शुरन्सही त्याच्या नावाने करून घे. आणि बँकेत गेलीस की एनओसीसोबत बँकेचं नाव काढायच्या फॉर्म ३५ वर सही-शिक्का झालाय का ते काउंटरवरच बघून घे, नाहीतर आरटीओतून परत फिरवतात आणि तुझ्याकडे दिवस कमी आहेत.