दहा रुपयांचे पाकीट आणि आतले वजन

प्रश्न (रामबाग, इंदूर):
आमचा शेव-फरसाणाचा लहान कारखाना आहे. बेसन आणि शेंगदाणा तेल महागल्यामुळे दहा रुपयांच्या पाकिटातील लौंग शेव 50 ग्रॅमवरून 42 ग्रॅम करावी, पाकिटाचा आकार, रंग आणि किंमत मात्र तशीच ठेवावी, असे माझ्या भागीदाराने सुचविले आहे. नवे वजन नियमाप्रमाणे पाठीमागे छापले जाणारच आहे, त्यामुळे आपल्याकडे कोणी बोट दाखवू शकत नाही, असे तो म्हणतो. शाळेतून येणारे पोर पाकीट रंगावरून ओळखते, वजन वाचत नाही. म्हणून मला हे खुपते. कारागिरांची मजुरीही चुकता कामा नये. नीतिशास्त्र अशा वेळी काही सांगते का?

उत्तर (राजवाडा परिसर):
आपल्या भागीदाराची बाजू अगदी पोकळ नाही. नफा वाढविणे हीच व्यवसायाची सामाजिक जबाबदारी आहे, असे अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1970 साली मांडले. पण त्यांनीही नियमांचे पालन आणि फसवणुकीचा अभाव या अटी घातल्या होत्या. न बदललेले वेष्टन ही फसवणूक ठरते का, एवढाच प्रश्न उरतो. थोडा हिशेब करून पाहा. आज आपण 200 रुपये किलोने शेव विकता. 42 ग्रॅमला तोच भाव सुमारे 238 रुपये होतो. सुट्या शेवेच्या पाटीवर 238 लिहिताना आपला हात अडखळत नसेल, तर पाकिटावरही ते लपवायचे कारण राहत नाही.

उत्तर (तत्त्वज्ञानाची निवृत्त शिक्षिका, इंदूर):
जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांच्या नीतिशास्त्रावरील 1785 च्या ग्रंथात नेमका एक दुकानदारच आहे. तो सर्वांसाठी एकच भाव ठेवतो, त्यामुळे लहान मूलही त्याच्याकडे निर्धास्त खरेदी करते. परंतु तो केवळ गिऱ्हाईक टिकावे म्हणून प्रामाणिक असेल, तर त्या वागण्याला नैतिक मोल नाही, असे कांट म्हणतात. आपल्या बाबतीत भाव तोच राहून माप सरकते आहे आणि ते सरकल्याचे कळणार नाही, यावरच सारा बेत उभा आहे. सर्वच कारखानदारांनी असे केले, तर पाकिटाच्या ओळखीच्या रूपावर कोणी विश्वास ठेवणार नाही आणि ज्या विश्वासाच्या आधाराने हा लाभ मिळायचा तोच नाहीसा होईल. उपयुक्ततावादी, म्हणजे कृतीचे मोल तिच्यातून होणाऱ्या एकूण हितावरून ठरविणारे, मात्र कारागिरांच्या मजुरीला मोठे वजन देतील, आणि ते मला चूक वाटत नाही. फक्त ती मजुरी दुसऱ्या कोणत्याच मार्गाने निघणार नाही, हे आधी सिद्ध व्हायला हवे.

उत्तर (मल्हारगंज, किरकोळ दुकानदार):
मुलाच्या हातात दहाचेच नाणे असते, बारा रुपयांचे पाकीट विकले जात नाही. त्यामुळे वजन कमी करण्यात मला दोष दिसत नाही, गप्प राहण्यात दिसतो. गुपचूप पाम तेल मिसळण्यापेक्षा तर हे कितीतरी बरे. पाकीट लहान करा आणि 42 ग्रॅम पुढच्या बाजूला ठळक छापा. मी गिऱ्हाइकांना स्वतः सांगेन.

प्रश्नकर्ता:
मनापासून आभार. छपाईचा नवा नमुना पुढच्या बाजूच्या वजनासह करून घेत आहे. पहिले काही महिने खप घटेल, ही भागीदाराची भीती खरी आहे. तेवढा काळ आम्हा दोघांची उचल कमी करून मजुरी पूर्ण देता येईल का, हे आज रात्री वहीत मांडून बघतो.