डायोटिमा नेमकं काय शिकवते?

प्रश्न: रविवारी दादरच्या वाचनगटात प्लेटोचं ‘सिम्पोझियम’, म्हणजे प्रेमावरचा संवाद, आहे. डायोटिमाचा भाग कसा मांडू?

उत्तर १: पानाच्या समासात छापलेल्या क्रमांकांनी २०१ ते २१२ एवढंच घ्या. डायोटिमा ही ग्रीसमधल्या मँटिनीयाची बाई. प्रेमातलं मला हिनेच शिकवलं, असं सॉक्रेटिस म्हणतो. तिचा ईरॉस, म्हणजे प्रेम, देव नाही, देव आणि माणसं यांच्या मधला दूत आहे. बाप पोरोस म्हणजे युक्ती, आई पेनिया म्हणजे गरिबी. म्हणून अनवाणी, दारात झोपणारा, पण डावपेचांत पक्का.

उत्तर २: तिने सांगितलेली प्रेमाची शिडी गाळू नका हो! प्रेम पायरीपायरीने वर चढतं: एक देह, सगळे देह, मन, आचार-कायदे, ज्ञान, मग निखळ सौंदर्य. कायद्यांची पायरी लोक हमखास खातात.

उत्तर ३: आणि क्रमांक २०६ सोडू नका. प्रेमाला सौंदर्य नुसतं नको असतं, सौंदर्यात प्रसवायचं असतं, देहानेही, मनानेही.