फराळ, विहार, पाखंड : उलटे फिरलेले शब्द

रानवाटा :
'फराळ' म्हणजे नेमकं काय? एकादशीला आई म्हणते "फराळ करून घे", तेव्हा ते उपासाचं खाणं असतं. दिवाळीत शेजारच्या काकू "फराळाला या" म्हणतात, तेव्हा चकल्या-करंज्या. उपास आणि चंगळ एकाच शब्दात कशी काय राहतात?

मोडीवाचक :
मूळ शब्द 'फलाहार'. अन्न सोडून फळांवर राहायचं, असं ते व्रत. पण घरोघरी त्यातली फळं मागे पडली आणि 'जेवण नव्हे ते' एवढाच अर्थ उरला. पोळी-भात सोडून जे खायचं ते फराळ, असं एकदा ठरल्यावर चिवडा नि अनारशांना आडकाठी कोण करणार?

आणि उपासाचं ताट तरी बघा. दाण्याचं कूट घालून, तुपात जिऱ्याची फोडणी दिलेली साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वऱ्याच्या तांदळावर दाण्याची आमटी, वर हिरवी मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून करतात तो कसावा, बटाटा, शेंगदाणा, मिरची, सगळे अमेरिका खंडातून आलेले. जुन्या शास्त्रकारांनी हे पदार्थ बघितलेच नव्हते, मग निषिद्ध कुठून ठरवणार! 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण उगाच नाही पडली. 'उपवास' शब्द इतका पातळ झाला की खरोखर न खाणाऱ्याला आता 'कडकडीत' किंवा 'निर्जळी' असं पुढे जोडावं लागतं.

भगरप्रेमी :
आमच्याकडे भगर म्हणतात, वरी नाही. पण मुद्दा असा की याला उलटणं म्हणू नका, हा अर्थविस्तार झाला. उपासाचा फराळ अजून आहेच की. त्याचे नियम किती कडक असतात ते विचारा: माहेरी कोथिंबीर चालते, सासरी चालत नाही. हळद दोन्हीकडे नाही.

मोडीवाचक :
फराळापुरतं मान्य. जुना अर्थ मेला नाही, नवा त्याच्या शेजारी येऊन बसला.

'विहार' मात्र पुरता फिरलाय. अशोकाच्या आठव्या शिलालेखात म्हटलंय की पूर्वीचे राजे विहारयात्रेला जात, म्हणजे शिकार आणि मौजमजा करायला. आपण मात्र राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला, म्हणजे बोधगयेला, गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाली, असं तो सांगतो. या लेखाचा एक तुकडा आपल्या सोपाऱ्यालाच सापडला, 1882 मध्ये, पुरातत्त्व संशोधक भगवानलाल इंद्रजींना. त्या लेखात विहार धर्माच्या विरुद्ध बाजूला उभा आहे, आणि आज 'बुद्धविहार' म्हटलं की वंदनेची जागा. 'नौकाविहारा'त तेवढी जुनी मौज शिल्लक आहे. मुळात 'विहरणे' म्हणजे हिंडणे, पण कान्हेरीचा विहार म्हणजे भिक्खूंनी हिंडणं थांबवून राहायचं ठिकाण. (अशोकाने सहलीची यात्रा केली. आपण पॅकेज टूर काढून यात्रेची पुन्हा सहल केली.)

रानवाटा :
असे अजून शब्द? 'पाखंड' त्यातलाच ना?

मोडीवाचक :
तो तर सगळ्यात मोठा नमुना. अशोकाच्या लेखांत 'पासंड' म्हणजे पंथ, आणि त्यात निंदेचा लवलेश नाही. गिरनारच्या सातव्या लेखात 'सवे पासंडा' सगळीकडे नांदोत अशी राजाची इच्छा कोरलेली आहे. बाराव्यात तर दुसऱ्याच्या पासंडाचाही मान राखावा असं बजावलंय. पुढे मनुस्मृतीत याच 'पाषण्डी' लोकांशी आदराने बोलूसुद्धा नये, असं सांगितलं आहे (4.30). वेदाबाहेरचे पंथ ते पाषण्डी. मागाहून व्युत्पत्तीही तयार झाली: 'पा' म्हणजे वेदधर्म, त्याचं खंडन करणारा तो पाखंड. ही व्युत्पत्ती अर्थाला सोयीची म्हणून बसवलेली, एवढंच.

मला गंमत वाटते ती वेगळीच. त्या श्लोकात पाषण्डींबरोबर बैडालव्रतिक आणि बकवृत्ती यांचीही नावं आहेत. मांजराचं व्रत धरणारा आणि बगळ्यासारखा डोळे मिटून उभा राहणारा, म्हणजे ढोंगी. तिथे ढोंगी वेगळा आणि पाखंडी वेगळा. आता पाखंडी म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांपुढे टिळेमाळावाला भोंदूच येतो. उघडपणे न मानणाऱ्याचं नाव, मानण्याचं नाटक करणाऱ्याला जाऊन चिकटलं!

अशोकाची स्वतःची पदवीही सुटली नाही. 'देवानांप्रिय' म्हणजे देवांचा लाडका. पाणिनीच्या व्याकरणावर टिपणं लिहिणाऱ्या कात्यायनाच्या वार्तिकात नुसतं 'देवानांप्रिय इति च' आहे, खूप नंतरचे वैयाकरण भट्टोजी दीक्षित यांच्याकडे येईपर्यंत त्याला 'मूर्खे', म्हणजे 'मूर्ख या अर्थी', हा शब्द जोडला गेला.

भगरप्रेमी :
म्हणजे फराळ आपण खाऊन बदलला आणि पाखंड विरोधकांनी बदनाम केला.

मोडीवाचक :
हो, आणि विहार तिसऱ्याच वाटेने गेला, ज्यांचा होता त्यांनीच नवी वस्ती दिली.

रानवाटा :
मग लिहिताना 'पाखंडी' कुठे वापरावा? गॅलिलिओवरच्या लेखात वापरलाय, संपादक म्हणतात 'ढोंगी' असा गैरसमज होईल.

मोडीवाचक :
ठेवा तसाच. 1633 च्या खटल्यात त्याच्यावर संशय होता तो धर्ममताविरुद्ध जाण्याचा. त्याला मराठीत 'पाखंड' हाच नेमका शब्द. ढोंग्यासाठी आपल्याकडे भोंदू, दांभिक, बकध्यानी असे भरपूर आहेत. अशोकाबद्दल लिहिताना मात्र 'पासंड' असंच लिहा, नाहीतर राजा भोंदूंना वसवत होता असं वाचलं जाईल.