१२ मिनिटे आणि २६ स्लाइड्स : काय ठेवावे, काय काढावे?

खानापूरची विद्यार्थिनी :
नमस्कार. खानापूर आणि अथणी या दोन तालुक्यांतील विहिरींच्या पाणीपातळीवर माझा एमएस्सीचा प्रबंध असून तो पुढील महिन्यात १२ मिनिटांत मांडायचा आहे. परीक्षक मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांचे असल्याने स्लाइड्स इंग्रजीत असतील. सरावाच्या वेळी २६ पैकी चौदाव्या स्लाइडवरच वेळ संपली आणि आलेखातील अक्षरे मागच्या बाकावरून वाचता आली नाहीत. प्रत्येक आकडा मी स्वतः विहिरीत टेप सोडून मोजला आहे, त्यामुळे काय काढावे हे ठरत नाही.

निवृत्त प्राध्यापक, बेळगाव :
उन्हात उभे राहून घेतलेले आकडे वगळताना जीव तुटतो, हे मी जाणतो. पण ते प्रबंधात राहणारच आहेत. वैज्ञानिक सादरीकरणांवर लिहिणारे अमेरिकी प्राध्यापक मायकेल अ‍ॅली यांनी पुरस्कारलेली पद्धत मी अनेक वर्षे विद्यार्थ्यांना शिकवली. तिच्यात मथळ्याच्या जागी विषयाचे नाव न लिहिता एक पूर्ण विधान लिहायचे आणि त्याखाली मुद्द्यांची यादी न देता ते विधान सिद्ध करणारा एकच आलेख, नकाशा किंवा छायाचित्र ठेवायचे. ‘पाणीपातळी : निरीक्षणे’ या मथळ्यावरून नेमके काय पाहायचे ते परीक्षकांना कळत नाही. तुमची मोजमापे तसे दाखवीत असतील, तर ‘खानापुरातील विहिरी सप्टेंबरपर्यंत भरतात, अथणीतील भरत नाहीत’ असे लिहा. ज्या स्लाइडसाठी असे विधान सुचत नाही, ती काढावी. मोजमापांचे तक्ते शेवटच्या स्लाइडच्या मागे ठेवा; प्रश्न आला की तिथूनच उघडता येतील.

अभियंता, निपाणी :
सरांच्या सूचनेला एक जोड द्यावीशी वाटते. पूर्ण विधान असलेला मथळाही दिशाभूल करू शकतो. २००३ साली कोलंबिया यान अवकाशात असताना, उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरून सुटून त्याच्या पंखावर आदळलेल्या फोमच्या तुकड्याविषयी नासापुढे ज्या स्लाइड्स मांडल्या गेल्या, त्यांतील एकीचा मथळा धीर देणारा होता. मात्र आदळलेला तुकडा आधीच्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्याच्या सुमारे ६४० पट मोठा असल्याचे दाखवणारे आकडे त्याच स्लाइडच्या अगदी तळाशी होते. १ फेब्रुवारीला परतीच्या वाटेवर कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. पुढे चौकशी मंडळाने आपल्या अहवालात या स्लाइडवर टीका केली. म्हणून तुमच्या मोजमापांची मर्यादा तळाशी बारीक अक्षरांत ढकलू नका.

शिक्षिका, बेळगाव :
आलेखात लाल आणि हिरव्या रेषा शेजारी ठेवू नयेत, कारण बऱ्याच पुरुषांना त्यांतील फरक ओळखता येत नाही. निळा आणि नारिंगी वापरावा. कोपऱ्यात रंगांची सूची देण्याऐवजी तालुक्याचे नाव थेट रेषेच्या टोकाशी लिहावे. एक्सेलमधून आणलेला आलेख स्लाइडवर लहान केला की अक्षरेही आक्रसतात, तेव्हा ती पुन्हा मोठी करावीत आणि सभागृहातील दिवे चालू ठेवून शेवटच्या बाकावरून स्वतः वाचून पाहावीत.

खानापूरची विद्यार्थिनी :
आपणा सर्वांची मी आभारी आहे. काल रात्री बसून ११ स्लाइड्स केल्या. मुख्य आलेखाच्या मथळ्याखाली आता त्याच आकाराच्या अक्षरांत लिहिले आहे : ‘अथणीत ६ विहिरी, एकच पावसाळा.’