संत्र्याच्या पानातली अस्परजिलस बुरशी: साहा किती आणि कधी टाकायचं?

प्रश्न (काटोलकर): काटोलच्या बागेतल्या पानांतून अस्परजिलस वेगळी केली आहे. पीडीबीत (बटाटा-डेक्स्ट्रोजच्या द्रव माध्यमात) वाढते झकास, पण सेकंडरी मेटाबोलाइट्स (वाढीला थेट न लागणारी रसायनं) जवळपास नाहीत. साहा (व्होरिनोस्टॅट; एचडॅक म्हणजे हिस्टोन डीअॅसिटिलेज ही जीन दाबणारी विकरं रोखणारं) किंवा 5-अझासायटिडीन (डीएनए मिथिलेशन उठवणारं) देऊन ही रसायनं बनवणारे झोपलेले जीन क्लस्टर जागे करायचे आहेत. 250 मिलीच्या फ्लास्कमध्ये 50 मिली माध्यम, 28 अंश. मात्रा सांगा.

मायसेलियम: 100, 250 आणि 500 मायक्रोमोलर करून पाहा. साहाचा 100 मिलिमोलर स्टॉक डीएमएसओ या द्रावकात करा, म्हणजे 26.4 मिग्रॅ प्रति मिली. 50 मिलीत 250 मायक्रोलिटर टाकलं की 500 मायक्रोमोलर होतं आणि डीएमएसओ 0.5 टक्के. कमी मात्रांत आणि कंट्रोलमध्येही डीएमएसओ 0.5 टक्केच भरा. तोही बुरशीला छेडतो. ऑटोक्लेव्ह करून माध्यम गार झाल्यावरच टाका. अझासायटिडीन पाण्यात काही तासांतच मोडायला लागतं, स्टॉक ताजा हवा, हातमोजे घाला. शिवाय अस्परजिलसमध्ये डीएनए मिथिलेशन नगण्य असतं. परिणाम दिसला तरी थिसिसमध्ये ‘मिथिलेशन उठलं’ असं ठोकून देऊ नका.

एचपीएलसीवाला: क्रोमॅटोग्रामवर नवं शिखर (पीक) दिसलं की हुरळून जाऊ नका भाऊ. साहाच मोडून सुबेरॅनिलिक आम्ल होतं. एलसी-एमएसवर (रेणूचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर) पॉझिटिव्ह मोडमध्ये साहा 265, हे आम्ल 250. बुरशीविना माध्यम अधिक साहा असा फ्लास्क ठेवाच. पण बुरशीनं मोडलेला साहा त्यात दिसत नाही, म्हणून वस्तुमान तपासणं आलंच. आणि शिखराचं क्षेत्रफळ कोरड्या मायसेलियमच्या वजनानं भागा. साहामुळे वाढ खुंटली असेल तर नुसते आकडे फसवतात.

सीताबर्डी: महागाचं रसायन उघडण्याआधी नायट्रोजन बदलून पाहा. अस्परजिलस निडुलन्स नायट्रेटवर स्टेरिग्मॅटोसिस्टिन हे बुरशीविष देते, अमोनियमवर ते दबतं; अस्परजिलस पॅरासिटिकसचं अफ्लाटॉक्सिन हे विष नेमकं उलट वागतं. दुसरं, मे महिन्यात नागपुरात कूलिंग नसलेला शेकर 28 वर लावला तरी आत खोलीइतकंच तापमान असतं. 37 कडे गेलं की अफ्लाटॉक्सिन एरवीही दबतं. तुमची अस्परजिलस फ्लेव्हस (अफ्लाटॉक्सिन बनवणारी जात) निघाली तर अर्क जपून हाताळा, 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली आधी पाहून घ्या.

काटोलकर: साहाऐवजी सोडियम ब्युटिरेट चालेल? स्वस्त पडतं.

मायसेलियम: चालेल, तोही एचडॅकच रोखतो, पण मिलिमोलरमध्ये लागतो. pH टाकल्यावर मोजून कंट्रोलइतका करा. अल्कधर्मी माध्यमात पॅक-सी हे pH नुसार जीन चालवणारं प्रथिन जागं होऊन पेनिसिलिन वाढतं आणि स्टेरिग्मॅटोसिस्टिन घटतं, मग श्रेय कुणाला देणार? तेवढ्याच मिलिमोलर मिठाचा (सोडियम क्लोराइडचा) एक कंट्रोलही ठेवा.